दुधाच्या पिकअपचे कपलर, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात: प्रकल्प नोंदी

१८ मे

आज गाडी रिकामी आहे म्हणून हातात घेतली. आधी दुखणं काय ते लिहून ठेवतो म्हणजे पुढं गोंधळ नको. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर पण मिणमिणतात, पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला तर उजवा दिवा उजळायच्या ऐवजी उलट मंद होतो, आणि हे सगळं गाडी धुतली किंवा वळीव पडला की जास्त. धाकटा भाऊ रोज पहाटे कळे, साळवण, असळज करत गगनबावड्याकडं दूध गोळा करायला जातो, तिकडं एकदा पाऊस लागला की धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा बघूनच गाडी चालवायची. आमच्या मागनं येणाऱ्याला आमची गाडी दिसलीच पाहिजे, यात तडजोड नाही.

एक दिवा लावला की भलताच दिवा पेटतो याचा अर्थ जवळजवळ नेहमी अर्थिंग, म्हणजे करंटची चेसीतनं बॅटरीकडं परत जायची वाट, गेलंय. करंटला चेसीकडं जायची सरळ वाट अडली की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधनं वाट काढतो. तरी मोजून खात्री केली. बॅटरीला १२.५ व्होल्ट, दिवे बंद ठेवून मागच्या होल्डरला मोजलं तर तिथंही १२.५, म्हणजे मीटर म्हणतोय सगळं ठणठणीत. मग पुतण्याला ब्रेक दाबून बसवलं, मीटरची एक वायर लांब करून बॅटरीच्या मायनसला धरली आणि दुसरी मागच्या दिव्यांच्या अर्थवर टेकवली. २.३ व्होल्ट! तिथं शून्याच्या आसपास पाहिजे, ०.१ पर्यंत चालतं. बल्बला मिळायचे २.३ व्होल्ट अर्थच्या वाटेतच खाल्ले जातायत. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो, मग इथं तर निम्माच उजेड उरला. लोक म्हणतात बल्ब जुना झाला, बदलतात, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

हे तंत्र ज्याला गाडीचं वायरिंग बघायचंय त्यानं पहिलं शिकावं. लोड, म्हणजे दिवा, चालू ठेवून मोजायचं. नुसत्या मीटरला करंट लागतच नाही, त्यामुळं एखादी तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

१९ मे

मागचं कपलर, म्हणजे दोन बाजूच्या वायरी पिनांनी एकमेकींत जोडायचा प्लास्टिकचा जोड, उघडलं. वरनं काळी टेप, तिच्यावर अजून टेप, सगळ्यात वर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. कुणीतरी मन लावून बांधलेलं. टेप कापली तर आतनं चमचाभर पाणी सांडलं, आंबट वास, दूध सांडून आत गेलेलं. मेच्या उन्हात, बाहेर सगळं धूळ धूळ असताना कपलरच्या आत पाणी!

मला या सगळ्या कामात जे सांगायचंय ते इथंच आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून जेवढं गुंडाळाल तेवढं आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी जातंच. वायरच्या कडेनं जातं, टेपचा गोंद उन्हानं सुटला की तिथनं जातं, दिवसा गरम आणि रात्री गार झाल्यावर हवा आत ओढली जाते तिच्याबरोबर ओल जाते. उघडं कपलर निदान वाऱ्यानं वाळतं. शेजारीच रिव्हर्स लाइटचं कपलर होतं, त्याला कुणी टेप लावलीच नव्हती, ते मळलेलं पण आत पिना पिवळ्या स्वच्छ.

आता पिना नीट बघितल्या. सहा पिनांत सगळ्यात वाईट हालत पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हची. हिरवी-निळसर पूड, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं जरा लोटली तर पिनच मोडून हातात आली, आतनं नुसता पोकळ हिरवा सांगाडा. इंडिकेटरच्या पिना त्यामानानं बऱ्या. कारण सरळ आहे, पाण्याचा थर आणि त्यात डीसी करंट म्हणजे प्लेटिंगच चालू होतं, पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळून जातं. जी पिन जास्त वेळ चालू ती आधी मरते, आणि आमच्या गाडीची पार्किंग पहाटे तीन-साडेतीनपासनं चालू असते.

अर्थची पिन वेगळ्या तऱ्हेनं गेलेली, हिरवं कमी पण काळपट, आणि तिच्यातली वायर ओढली तर सुटून आली. इन्सुलेशन सोललं तर आतल्या तारा काळ्या. अजून सोललं, अजून काळ्या. वीतभर आत गेल्यावर लखलखीत तांबं लागलं. बारीक तारांच्या मधनं पाणी वातीत तेल चढतं तसं चढतं, त्यामुळं नुसतं टोक कापून नवीन पिन ठोकली तर काळ्या तांब्यावर पिन बसते आणि दोन महिन्यांत परत गाडी दारात. चमक दिसेपर्यंत कापायचंच, वायर तोकडी पडली तर जोड द्यावा पण काळ्यावर क्रिंप करू नये, म्हणजे पिन दाबून बसवू नये.

वर शोधत गेलो तर पाणी शिरायची एक जागा सापडली. वायरच्या इन्सुलेशनला टाचणीच्या आकाराची भोकं. टेस्ट लॅम्पची सुई टोचून कुणीतरी करंट बघितलाय आणि तसंच सोडून दिलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळेच मेकॅनिक टोचतात, पटकन होतं. भोक दिसत नाही पण चेसीखाली चाकाचा चिखल तिथंच उडतो. टोचायचं असेल तर टोचा, पण नंतर त्यावर गोंदवाली स्लीव, म्हणजे गरम केल्यावर आकसून चिकटणारी नळी, तरी चढवा.

२५ मे

सामान आणलं, उद्यमनगर आणि लक्ष्मीपुरी दोन्हीकडं फिरून. सीलवाली कपलर घेतली, सुपरसील टाइपची, नर-मादी जोडी, पिना, प्रत्येक वायरला घालायची छोटी रबरी सीलं, रिकाम्या घरात घालायचे प्लग. दुकानात सील सगळ्यांना एकच देत होते. तसं नाही चालत, वायरच्या बाहेरच्या जाडीवर सील ठरतं. पातळ वायरला मोठं सील लावलं तर कडेनं पाणी सरळ आत, आणि जाड वायरला छोटं घातलं तर फाटतं. वायरचा तुकडा खिशात घेऊन गेलो होतो, काउंटरवरच घालून बघितलं.

पिना घेताना अजून एक बघितलं, दोन्ही बाजूच्या पिना एकाच मुलाम्याच्या. कथिलाला कथिल. सेन्सरच्या काही कपलरात सोन्याचा मुलामा असतो, तिथं कथिलाची पिन घुसवली की दोन वेगळे धातू घासून संपर्क लवकर बिघडतो.

मिस्त्री ओळखीचे, वडिलांच्या वयाचे. मी डायलेक्ट्रिक ग्रीसची ट्यूब दाखवली तर म्हणाले, "अरं बाबा, यातनं करंट जात न्हाई म्हणतोस, मग पिनेवर लावून दिवा कसा लागायचा?" प्रश्न बरोबर आहे आणि बऱ्याच जणांना पडतो. म्हटलं मिस्त्री, पिन स्प्रिंगनं दाबून बसते, धातू जिथं धातूला टेकतो तिथनं ग्रीस बाजूला ढकललं जातं, उरलेल्या फटीत ग्रीस राहतं, आणि पाणी-हवा नेमकी त्या फटीतनंच जाते. त्यांनी एक जोडी हातात घेतली, ग्रीस लावून बसवली, मीटर लावला, मान डोलावली आणि म्हणाले, "चालतंय की. लाव मग."

त्यांचं पण एक खरं आहे आणि ते मी इथं लिहून ठेवतो. ते म्हणतात, "कपलर काढून परत लावलं की निम्म्या गाड्या चालू हुत्यात." होतातच. रस्त्याच्या हादऱ्यानं पिना केसाएवढ्या घासत राहतात, कथिलाची ऑक्साइडची काळी पूड मधे साठते, संपर्क जातो, आणि काढून लावलं की ती पूड पुसली जाते. पण दुखणं तिथंच राहतं. काढून लावल्यावर चालू झालं तर समजायचं की हे पाणी नाही, घासणं आहे, आणि त्याला औषध म्हणजे ग्रीसचा पातळ थर आणि कपलरपासनं चार बोटांवर वायर चेसीला पक्की बांधणं, म्हणजे हादरा वायरनं पिनेपर्यंत पोचत नाही.

१ जून

दिवसभर क्रिंपिंग. पिनेला दोन जोड्या पंख असतात, आतले पंख उघड्या तांब्यावर आणि मागचे पंख सीलवर. आतले दाबल्यावर वाकून तांब्यात घुसले पाहिजेत, नुसते चपटे नकोत. पक्कडीनं चपटे होतात म्हणून हातातला रॅचेट क्रिंपर वापरला. प्रत्येक वायर दाबल्यावर जोरात ओढून बघितली. सोल्डर मुद्दाम नाही केलं. कथिल तारांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कडक जिथं संपतो तिथं हादऱ्यानं तार तुटते. घरातल्या रेडिओला सोल्डर उत्तम, खड्ड्यातनं जाणाऱ्या गाडीला चांगलं क्रिंप.

मिस्त्रींकडचा पोरगा मदतीला होता, तो बाथरूमला लावतात तसली सिलिकॉनची नळी घेऊन आला, म्हणाला दादा मागनं भरून टाकू, पाण्याचा विषयच संपला. नळी उघडून वास घेतला, व्हिनेगरसारखा आंबट. ती नको. वाळताना त्यातनं ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि बंद कपलरात ते तांब्यावरच बसतं, महिन्याभरात आतनं हिरवं. ज्याला वास नसतो तसलं न्यूट्रल मिळतं, पण ते तरी कशाला, परत उघडायला कापावं लागतं. सील आहे, ग्रीस आहे, तेवढं बास.

ग्रीस किती लावायचं: पिनेवर पुसट, तोंडाच्या रबरी रिंगवर पुसट. कपलर ठासून भरायचं नाही, बसवताना ग्रीस दाबलं जाऊन सील बाहेर ढकलतं, लॉक नीट बसत नाही. सील सिलिकॉन रबराचं असेल तर सिलिकॉन ग्रीस त्याला थोडं फुगवतं, म्हणून तिथं अजूनच हात आखडता. रिले आणि स्विचच्या आतल्या पॉइंटला तर अजिबात नाही. तिथं ठिणगी पडते आणि सिलिकॉनची वाफ जळून वाळूसारखा थर पॉइंटवर बसतो, काम संपलं. एक्झॉस्टच्या ऑक्सिजन सेन्सरजवळ पण नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल सगळेच विचारतात. त्याचं नावच पाणी हटवायचं, १९५३ साली त्यासाठीच बनवलेलं. भिजलेलं कपलर असेल तर मारा, पाणी निघतं. पण ते उडून जातं, टिकणारा थर राहत नाही, त्यामुळं पावसाळाभर राखण त्याच्यावर सोडता येत नाही. साफ करायला मी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरला, नायलॉनचा ब्रश, आणि मग पूर्ण वाळू दिलं.

२ जून

अर्थिंग. दिव्यांचा अर्थ हौद्याच्या पत्र्याला एका स्क्रूनं होता. हौदा मागनं बसवलेला, मधे रंग, रबराचे पॅड, गंज, म्हणजे करंट नशिबावर चाललेला. मागच्या दिव्यांसाठी वेगळी जाड अर्थ वायर थेट चेसीच्या पुढच्या अर्थ बोल्टपर्यंत ओढली, जिथं बॅटरीची मायनस येते. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड चमकवलं, दातेरी वॉशर, आवळलं, आणि आवळल्यानंतर वरनं ग्रीस आणि रंग. आधी रंग मग बोल्ट असं केलेलं मी लई गाड्यांत बघितलंय.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, फसफसून गेली, साध्या पाण्यानं धुऊन वाळवलं, टर्मिनल आवळून वरनं व्हॅसलीन. तिथं व्हॅसलीन ठीक आहे, पण रबरी सीलच्या कपलरात नको, पेट्रोलियममुळं काही रबरं फुगून ढिली होतात.

संध्याकाळी ब्रेक दाबून परत मोजलं. ०.०६. दोन्ही दिवे सारखे लाल. धाकट्यानं मागं जाऊन बघितलं आणि म्हणाला, "दादा, नवीन गाडीगत दिसाय लागली की."

९ जून

बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स. झाकण घट्ट, तरी आत चिखलाचा ओलसर थर आणि दोन फ्यूजच्या पायाला हिरवं. खाली बघितलं तर कंपनीनं पाणी जायला भोकं ठेवलेली असतात ती माती आणि उसाच्या पाचटानं गच्च. काडीनं मोकळी केली. मागच्या एका दिव्याचं पण तेच, काचेच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं ते कुणीतरी एमसीलनं बुजवलेलं, पाणी येतंय म्हणून. पाणी वरच्या गॅस्केटनं येत होतं, जायची वाट बुजवली, मग होल्डर पाण्यात उभा. गॅस्केट बदलली, भोक उघडलं.

सगळ्या कपलरांची दिशा बघून घेतली. तोंड वर आणि वायर वरनं येते असं असेल तर पाणी वायरवरनं ओघळत नेमकं सीलवर येतं. वायरला कपलरच्या आधी खाली झोळ दिला, पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं. याला पैसा लागत नाही, एक टाय लागते.

१६ जून

पेरण्या चालू, परतीच्या फेरीला गावातल्या लोकांनी खताची पोती घातली. नाही म्हणता येत नाही. पण पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, हवेतली ओल ओढतं आणि त्या ओलीत करंट छान वाहतो. ओल्या युरियातनं हळूहळू अमोनिया सुटतो आणि पितळेच्या ताण असलेल्या पिनेला अमोनियानं तडे जातात. पोतं फुटून हौद्याच्या फटीतनं खाली गेलं की नेमकं मागच्या वायरिंगवर. धाकट्याला सांगितलं, खताची फेरी झाली की त्याच दिवशी साध्या पाईपनं, कमी धारेनं हौदा आणि खालची बाजू धुवायची. दूध सांडलं तरी तेच.

साध्या पाईपनं म्हणजे साध्या पाईपनं. वॉशिंग सेंटरचा जेट मागच्या कपलरांवर आणि इंजिनवर नको. कपलरवर आयपी६७ लिहिलं असेल तर तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकावा एवढीच ती चाचणी, जवळनं मारलेल्या जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते, आयपी६९के, ८० अंशाच्या पाण्यानं घेतात. बुडून वाचणारं कपलर जेटनं उघडू शकतं. त्यात गाडी नुकतीच घाट चढून आलेली, इंजिनजवळची कपलर तापलेली, त्यावर गार पाणी मारलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेचं पाणी आत ओढून घेते. गाडी गार होऊ द्या, मग धुवा. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलेलं असताना गाडी घालू नको म्हणतो ते इंजिनासाठी तर आहेच, पण यासाठी पण.

७ जुलै

पाऊस जोरात. धाकटा आला की मीटर लावतो. मागचा अर्थ ०.०८, पार्किंगच्या पॉझिटिव्ह बाजूला ०.१५. हेडलाइटला एच४ बल्ब, लो बीमला ५५ वॅट म्हणजे साधारण साडेचार-पाच ॲम्पियर. तिथं वाटेत ०.१ ओहम जरी वाढला तरी अर्धा व्होल्ट जातो आणि अडीच वॅट उष्णता त्या एका पिनेत, प्लास्टिक पिवळं पडून वितळायला तेवढं पुरतं. हात लावून बघितलं, दोन्ही गार.

१४ जुलै

एक तक्रार आली. स्पीडोमीटर मधेच शून्यावर. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचं कपलर काढलं, हे मूळ कंपनीचं सीलवालं, मी उघडलं नव्हतं. आत पाण्याचे थेंब. सील चांगलं, वायर चांगली. उलटं करून टॉर्चनं बघितलं तेव्हा दिसलं, एका घरात वायर नाही आणि प्लग पण नाही. आधी कुणीतरी दुरुस्तीत वायर काढलेली, भोक उघडं. सगळी सीलं शाबूत असून एका रिकाम्या घरातनं पाणी आत आणि बाहेर जायला वाट नाही, कारण बाकी सगळं हवाबंद. क्लीनर, वाळवणं, पिनेवर पुसट ग्रीस, रिकाम्या घरात प्लग. काटा परत चालू.

म्हणजे दोनच पद्धती चालतात असं माझं मत पक्कं झालंय. एकतर शेवटच्या भोकापर्यंत खरंखुरं सीलबंद, नाहीतर सरळ उघडं, तोंड खाली, वाळायला मोकळं. मधलं अर्धवट बंद, टेप-पिशवीवालं, ते सगळ्यात घातक.

२८ जुलै

पंचगंगा नदी इशारा पातळीला आली की, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका ४३, आमच्याकडं सगळे गाड्या हलवायच्या तयारीला लागतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला अजून डोक्यात आहे. म्हणून पुराची यादी गाडीच्या पासबुकात ठेवली. गाडी पाण्यात गेली तर चावी फिरवायची नाही, पाणी उतरल्यावर पहिली बॅटरीची मायनस काढायची कारण ओल्या कपलरात करंट असेपर्यंत पिना विरघळत राहतात. मग कपलर उघडून गाळ साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायचा, गाळ वाळून बसला की निघत नाही, मग क्लीनर, मग दिवसभर हवा, मग ग्रीस. आयपी६७ वर विश्वास ठेवून न उघडता सोडायचं नाही, पूर अर्ध्या तासात उतरत नसतो.

१८ ऑगस्ट

मागची दोन कपलर मुद्दाम उघडली. कोरडी. पिना पिवळ्या-पांढऱ्या, ग्रीसमधे थोडी धूळ, हिरवं कुठंही नाही. अर्थ ०.०७. परत लावली, लॉकचा टक आवाज आला, टाय आवळली.

मिस्त्रींनी त्यांच्याकडं आलेल्या एका ट्रॉलीचं सात पिनांचं सॉकेट दाखवलं, कारखाने सुरू व्हायच्या आधी तयार करायचंय. झाकणाची स्प्रिंग गेलेली, आत माती, तळाचं भोक बुजलेलं. ट्रॉली रात्री उसानं भरून रस्त्यावर असते आणि मागं एक दिवा नसतो, हे बघून जीव खालीवर होतो. पुढच्या रविवारी तेच घेतोय. भोक मोकळं करणं, झाकण बदलणं, अर्थ पिन घासून काढणं, वायर मागनं वर न आणता खालनं झोळ देऊन आणणं. स्प्रिंगवालं झाकण लक्ष्मीपुरीत मिळालं, पिना मिळायच्यात.